दोन वर्षांची मुदत

आपल्या नावाने जगभर ओळखली जाणारी गोष्ट आता पुरी पडत नाही, असे चारचौघांत सांगणारी माणसे विरळाच. गिरणी तोट्यात गेली तरी मालक पाटी उतरवत नाही आणि योजना फसली तरी पुढारी ती फसली असे म्हणत नाही. ३ जून १९८७ रोजी फिलाडेल्फियाच्या एका बॅप्टिस्ट धर्मगुरूंनी मात्र नेमके हेच केले. दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांनी आपल्या कृष्णवर्णीय कामगारांशी कसे वागावे, याचे नियम त्यांनी दहा वर्षांपूर्वी तयार केले होते. दीडशेहून अधिक कंपन्यांनी त्यांवर सह्या केल्या. विद्यापीठे आणि पेन्शन फंड हे नियम समोर ठेवून शेअर ठेवायचे की विकायचे ते ठरवू लागले. आणि त्या दिवशी नियमकर्त्यानेच जाहीर केले, की नियम पाळूनही आता भागणार नाही. सर्व अमेरिकी कंपन्यांनी नऊ महिन्यांत तो देश सोडावा आणि अमेरिकेने त्याच्याशी व्यापार तोडावा.

या गृहस्थांचे नाव रेव्हरंड लिऑन सलिव्हन. आपल्याकडे मार्टिन ल्यूथर किंग आणि नेल्सन मंडेला घरोघर ठाऊक आहेत. सलिव्हन यांचे नाव त्या मानाने कानावरून गेलेले असते, इतकेच. पण वर्णद्वेषाशी झगडताना हिशेबाची वही, भागधारकांची सभा आणि कारखान्यातले जेवणघर ही साधी हत्यारे कशी वापरता येतात, ते पाहायचे तर त्यांच्या आयुष्याकडेच वळावे लागते.

त्यांचा जन्म १६ ऑक्टोबर १९२२चा, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या चार्ल्सटन गावचा. घर गरीब वस्तीत, कच्च्या गल्लीत. आईवडील लवकरच विभक्त झाले आणि मुलगा वाढला तो मुख्यतः आजीच्या हाताखाली. आठ-दहा वर्षांचा असताना तो पाच सेंटचे नाणे घेऊन कॅपिटल स्ट्रीटवरच्या एका औषधाच्या दुकानात कोकाकोला प्यायला गेला. अमेरिकेत त्या काळी अशा दुकानांत सरबते आणि सोडाही मिळे. पोरगा उंच स्टुलावर चढून बसला. दुकानदाराने त्याला उठवले; काळ्यांनी घ्यायचे ते उभ्याने, बसायचे नाही. उभे राहायचेच तर आता याच गोष्टीच्या विरोधात उभे राहायचे, असे तेव्हाच मनाने घेतले, असे सलिव्हन पुढे आयुष्यभर सांगत. शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसणाऱ्या मुलाची गोष्ट ज्यांना पाठ आहे, त्या महाराष्ट्रातल्या वाचकांना या स्टुलाबद्दल आणखी काही सांगायला नको. त्याच चार्ल्सटनमध्ये आज एका रस्त्याला लिऑन सलिव्हन यांचे नाव आहे.

मुलगा उंचापुरा, पुढे साडेसहा फुटांच्या जवळ गेलेला. खेळाच्या शिष्यवृत्तीवर त्याने वेस्ट व्हर्जिनिया स्टेट कॉलेजात प्रवेश मिळवला. दुखापतीने खेळ सुटला आणि शिष्यवृत्तीही गेली. मग पोलादाच्या कारखान्यात काम करून शिक्षण पुरे केले. अठराव्या वर्षीच तो धर्मोपदेशक झाला होता. हार्लेमचे प्रसिद्ध धर्मगुरू आणि राजकारणी अ‍ॅडम क्लेटन पॉवेल यांची नजर त्याच्यावर पडली आणि १९४३ मध्ये त्यांनी त्याला न्यूयॉर्कला आणले. तेथे युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत धर्मशास्त्राचे शिक्षण झाले आणि १९४७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळाली. हे तेच कोलंबिया, जेथे तीस वर्षांपूर्वी बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर शिकून गेले होते.

१९५० मध्ये सलिव्हन उत्तर फिलाडेल्फियातल्या झायन बॅप्टिस्ट चर्चचे धर्मगुरू झाले आणि पुढची ३८ वर्षे तेथेच राहिले. सहाशे सभासदांचे चर्च सहा हजारांवर गेले. वस्ती कृष्णवर्णीयांची आणि मुले बेकार. गावातल्या कंपन्या या वस्तीला माल विकत, पण नोकरी देताना हात आखडता घेत; दिलीच तर झाडूची किंवा हमालीची. सलिव्हन यांनी आधी पत्रे लिहिली, विनंत्या केल्या. फारसे कोणी दाद दिली नाही. तेव्हा १९६० मध्ये गावातले चारशे धर्मगुरू एकत्र आले आणि त्यांनी एक विलक्षण शिस्तीचा बहिष्कार सुरू केला.

या बहिष्काराला अध्यक्ष नव्हता, खजिनदार नव्हता, इतिवृत्तही नव्हते. म्हणजे कोर्टात खेचायचे तर कोणाला, हा कंपन्यांच्या वकिलांना प्रश्न. चार-पाच धर्मगुरू सभ्यपणे कंपनीत जात. कृष्णवर्णीय नोकर किती आणि कोणत्या कामावर, ते विचारून घेत. पुन्हा जाऊन नेमकी मागणी ठेवत: इतके गाडीवाले विक्रेते, इतक्या कारकून मुली, आणि इतक्या दिवसांत. मुदत टळली की रविवारी चारशे व्यासपीठांवरून एकच निरोप जाई, की अमक्याचा माल घेऊ नका. पहिली पाळी आली ती टेस्टी बेकिंग कंपनीवर, जिचे केक फिलाडेल्फियात घराघरांत खाल्ले जात. गावच्या मोठ्या वर्तमानपत्रांनी बातमीचा शब्दही छापला नाही, तरी दोनेक महिन्यांत कंपनी नमली. मग पेप्सीकोला, गल्फ ऑइल, सन ऑइल. तीनएक वर्षांत दोन डझनांहून अधिक कंपन्या झाल्या. डॉ. किंग यांनी १९६२ मध्ये सलिव्हन यांना अटलांटाला बोलावून ही पद्धत समजावून घेतली आणि त्यातून त्यांच्या संघटनेचा ऑपरेशन ब्रेडबास्केट हा कार्यक्रम उभा राहिला.

मागणी नेमकी हवी, आकड्यांत हवी आणि तिला तारीख हवी. पुढचे सलिव्हन समजायचे तर त्यांची ही सवय ध्यानात ठेवली पाहिजे.

दारे उघडली खरी, पण कामे जाणणारी माणसे कमी पडू लागली. म्हणून जानेवारी १९६४ मध्ये पोलिसांची एक जुनी, सोडून दिलेली कोठडीची इमारत महापालिकेकडून नाममात्र भाड्याने घेऊन त्यांनी प्रशिक्षण केंद्र काढले. त्याच्या शाखा अमेरिकाभर झाल्या, आफ्रिकेतही गेल्या. त्याआधी, १९६२ मध्ये, त्यांनी चर्चमध्ये आणखी एक गोष्ट केली होती, जी मला बँकवाला म्हणून फार आवडते. प्रत्येकाने महिन्याला दहा डॉलर, असे छत्तीस महिने द्यायचे. त्यातले पहिले १६० डॉलर धर्मादाय कामाला आणि उरलेले २०० डॉलर धंद्यात भांडवल म्हणून. पन्नास माणसे मागितली होती, दोनशेहून अधिक पुढे आली. आपल्याकडच्या भिशीवाल्या बायकांना ही कल्पना क्षणात कळेल! या पैशांच्या पायावर १९६८ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवर प्रोग्रेस प्लाझा हे कृष्णवर्णीयांच्या मालकीचे बाजारसंकुल उभे राहिले.

अशा माणसाला जानेवारी १९७१ मध्ये जनरल मोटर्सने संचालक मंडळावर घेतले. जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी आणि तिचा पहिला कृष्णवर्णीय संचालक. कंपनीवर त्या सुमारास ग्राहकांच्या आणि नागरी हक्कवाल्यांच्या चळवळींचा दबाव होता, त्यामुळे या निवडीत शोभेचा भाग नव्हता असे म्हणवत नाही. पण शोभेची वस्तू चार महिन्यांतच बोलू लागली. मे महिन्यातल्या भागधारकांच्या सभेत एपिस्कोपल चर्चने ठराव मांडला, की जनरल मोटर्सने दक्षिण आफ्रिका सोडावी. अध्यक्ष जेम्स रोश व्यासपीठावर बसलेले, मंडळाची भूमिका ठरावाविरुद्ध. आणि सलिव्हन उठून ठरावाच्या बाजूने बोलले. कंपनीच्या संचालकाने भरसभेत आपल्याच मंडळाविरुद्ध बोलावे हे तेथे कोणी पाहिले नव्हते. ठरावाला दोन टक्केही मते पडली नाहीत.

दक्षिण आफ्रिकेत तेव्हा काय चालले होते, ते आपल्या पिढीला थोडे तरी आठवते. आमच्या पासपोर्टावर त्या देशाला जाण्याची मनाई छापलेली असे. भारताने स्वातंत्र्याच्याही आधी, १९४६ मध्ये, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाची अंतिम फेरी दक्षिण आफ्रिकेशी होती, म्हणून भारत खेळलाच नाही आणि अमृतराज बंधूंच्या हातचा चषक गेला. पण जे आपल्याला बातमीत दिसे, ते तेथल्या कामगाराला सकाळी कारखान्याच्या फाटकापासून भोगावे लागे. संडास वेगळे, जेवणघर वेगळे, आणि हे मालकाच्या मर्जीने नव्हे, कायद्याने. अनेक कुशल कामे गोऱ्यांसाठी राखीव. शहरात राहायचे तर खिशात पास हवा. कृष्णवर्णीयांच्या कामगार संघटनांना १९७९ पर्यंत कायद्याची मान्यताच नव्हती.

१९७५च्या सुमारास सलिव्हन तेथे गेले. कामगारांचे पुढारी, धर्मगुरू, साधी माणसे भेटायला आली. एवढ्या मोठ्या कंपनीचे संचालक आहात, तर कंपन्यांकडून काही करवून घ्या, असे त्यांचे म्हणणे पडले. परतताना विमानतळावर पोलिसांनी त्यांना बाजूला घेतले आणि कपडे उतरवून झडती घेतली. कोकाकोलाचे स्टूल आणि ही झडती यांच्यामध्ये जनरल मोटर्सचे संचालकपद येऊन गेले होते. अंगावरच्या कातडीपुढे त्याचा उपयोग शून्य.

घरी येऊन त्यांनी आपलेच फिलाडेल्फियाचे तंत्र मोठ्या मापात मांडायला घेतले. जनरल मोटर्सचे तेव्हाचे अध्यक्ष टॉमस मर्फी यांची मदत मिळाली. दीड-दोन वर्षांच्या बोलण्यांनंतर १ मार्च १९७७ रोजी बारा कंपन्यांनी सहा तत्त्वे मान्य केल्याचे जाहीर झाले. त्यांत जनरल मोटर्स, फोर्ड, आयबीएम, मोबिल, सिटीकॉर्प होत्या, आणि पुढे भोपाळमुळे आपल्याला वेगळ्याच अर्थाने परिचित झालेली युनियन कार्बाइडही होती. तत्त्वे वाचायला अगदी साधी. जेवणाच्या, विश्रांतीच्या आणि कामाच्या जागी वेगळी व्यवस्था नको. नोकरीचे नियम सर्वांना सारखे. सारख्या कामाला सारखा पगार. वरच्या कामांसाठी प्रशिक्षण. देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या जागांवर अधिक कृष्णवर्णीय. आणि कारखान्याबाहेर घर, शाळा, प्रवास, आरोग्य यांतही कामगाराला हात.

यातली गंमत अशी, की पहिलेच कलम पाळायचे म्हणजे त्या देशाचा कायदा मोडणे होते. जेवणघरातली भिंत पाडली की कंपनी गुन्हेगार! सरकारने तिकडे काणाडोळा केला, कारण अमेरिकी भांडवल हवे होते. अशा रीतीने एका धर्मगुरूच्या कागदाने कायद्याला पहिली चीर पाडली. पुढे या तत्त्वांत भर पडत गेली. कामगार संघटनांचा हक्क आला आणि १९८४ मध्ये, वर्णभेदाचे कायदेच रद्द व्हावेत यासाठी कंपन्यांनी झटावे, अशी अपेक्षाही आली.

नुसत्या सहीवर सलिव्हन यांनी विश्वास ठेवला नाही. आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेकडे कंपन्यांनी दर वर्षी माहिती द्यायची, आणि संस्थेने त्यांना श्रेणी देऊन अहवाल छापायचा: चांगली प्रगती, प्रगती, आणि हालचाल वाढवण्याची गरज. बँकेत असताना आमच्या शाखांनाही तपासणीनंतर श्रेणी मिळत असे. तपासनीस यायच्या आठवड्यात रजिस्टरे कशी नेटकी होतात, हे मी पाहिले आहे. त्यामुळे कंपन्यांनी स्वतःच भरलेल्या तक्त्यांवरून ठरणाऱ्या श्रेणीवर किती भिस्त ठेवावी, असा प्रश्न मलाही पडतो. पण श्रेणी छापली जाते, भागधारक ती वाचतो, आणि खाली घसरलेल्या कंपनीच्या अध्यक्षाला वार्षिक सभेत उत्तर द्यावे लागते, याचाही काही एक धाक असतोच.

टीका झाली आणि ती कठोर होती. दक्षिण आफ्रिकेतल्या लढाऊ संघटना म्हणत, की बेडी सैल करून काय उपयोग, बेडी काढायची आहे. अमेरिकी कंपन्यांकडे त्या देशातल्या कृष्णवर्णीय कामगारांपैकी जेमतेम एक टक्का. बाकी नव्व्याण्णवांचे काय? ज्या कंपनीच्या जेवणघरात आता काळे-गोरे शेजारी बसत, तीच कंपनी सरकारला तेल, मोटारी नाहीतर संगणक पुरवी. शिवाय अमेरिकेतली विद्यापीठे म्हणू लागली, की आम्ही सही केलेल्या कंपन्यांचेच शेअर ठेवले आहेत, मग विकायचे कशाला? म्हणजे ढाल कामगाराची झाली तशी भांडवलाचीही झाली. हा आक्षेप मला खोडता येत नाही. १९७१ मध्ये कंपनीने देश सोडावा म्हणणारे सलिव्हन १९७७ मध्ये तेथे नीट वागून राहा म्हणू लागले, हे काहींना माघार वाटले. त्याच वर्षी सप्टेंबरात स्टीव्ह बिको पोलिसांच्या कोठडीतल्या मारहाणीने मेले, त्यामुळे अशा वाटण्याला आणखी धार आली. मात्र ज्या कामगाराला आयुष्यात प्रथमच गोऱ्या सहकाऱ्याइतका पगार मिळाला, त्याच्या घरी या कागदाला अर्थ होता, हेही खरे.

सलिव्हन यांनाही हा आक्षेप खोडता आला नसावा. मे १९८५ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या सवयीप्रमाणे तारीख दिली. दोन वर्षांत, म्हणजे ३१ मे १९८७ पर्यंत, वर्णभेदाचे कायदे गेले नाहीत आणि मताधिकाराचा मार्ग मोकळा झाला नाही, तर मीच कंपन्यांना निघा म्हणेन.

ही दोन वर्षे फार धामधुमीची ठरली. त्या वसंतात कोलंबियाच्या विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉलची दारे साखळ्यांनी बंद करून तीन आठवडे धरणे धरले आणि वर्ष संपायच्या आत विद्यापीठाने दक्षिण आफ्रिकेशी संबंधित शेअर विकायचे ठरवले. पण खरा तडाखा आला तो बँकांकडून. दक्षिण आफ्रिकेचे परदेशी कर्ज सुमारे २४ अब्ज डॉलर, आणि त्यातला मोठा भाग अल्प मुदतीचा. अशा कर्जाचे रहस्य बँकेतल्या शिपायालाही ठाऊक असते: ते फेडले जात नाही, त्याची मुदत वाढवली जाते. व्याज भरा, सही करा, पुढची तारीख घ्या. जुलै १९८५च्या अखेरीस चेस मॅनहॅटन बँकेने मुदत वाढवायला नकार दिला. यात फार नीतिमत्ता होती असे नाही. देशभर दंगे, आणीबाणी, कर्ज बुडण्याची भीती. एकीने पैसे मागितले की बाकीच्यांना धीर राहत नाही. १५ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा सुधारणा जाहीर करतील अशी आशा होती. त्यांनी ताठर भाषण केले आणि रँड कोसळला. महिन्याअखेर शेअर बाजार बंद ठेवावा लागला आणि सप्टेंबरच्या आरंभी सरकारने कर्जफेड थांबवली. सोन्याच्या खाणींवर बसलेला देश सावकाराच्या दारात उभा राहिला.

१९८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने निर्बंधांचा कायदा केला. नवी गुंतवणूक आणि कर्जे बंद. कोळसा, युरेनियम, पोलाद, कापड यांची आयात बंद. दक्षिण आफ्रिकेच्या विमानांना उतरायला मनाई. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरला. प्रतिनिधीगृहाने ३१३ विरुद्ध ८३ आणि सिनेटने २ ऑक्टोबरला ७८ विरुद्ध २१ मतांनी तो मोडून काढला. या कायद्यात एक कलम होते, की तेथे पंचवीसहून अधिक माणसे कामाला ठेवणाऱ्या अमेरिकी मालकाने न्याय्य नोकरीची आचारसंहिता पाळलीच पाहिजे. सलिव्हन यांची तत्त्वेच जवळजवळ कायद्याच्या भाषेत उतरली होती. ऐच्छिक सहीपासून सक्तीपर्यंत यायला साडेनऊ वर्षे लागली.

त्याच महिन्यात जनरल मोटर्स आणि आयबीएम यांनी निघायचे जाहीर केले. जनरल मोटर्सचा कारखाना पोर्ट एलिझाबेथला होता. कंपनी तो तेथल्या व्यवस्थापकांना विकणार, हे ऐकून कामगारांनी संप केला: आमचे काय, नुकसानभरपाई किती, आम्हाला विचारले का? पोलीस बोलावले गेले. पंधरा वर्षांपूर्वी डेट्रॉइटच्या सभेत सलिव्हन यांनी जे मागितले ते अखेर घडले, पण ज्यांच्यासाठी मागितले त्यांच्याशी बोलायची तसदी कंपनीने घेतली नाही. कारखाना डेल्टा या नव्या नावाने चालू राहिला. निर्बंध तत्त्व म्हणून कितीही योग्य असोत, त्यांचा पहिला हप्ता बहुधा कामगारच भरतो. आणि तरीही १९८५ मध्ये स्थापन झालेल्या कोसाटू या कामगार महासंघाने निर्बंधांची बाजू घेतली. आपली नोकरी पणाला लावून घेतलेला निर्णय होता तो, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत अवघड.

मे १९८७ उजाडला. आदल्या वर्षी जूनमध्ये लादलेली देशव्यापी आणीबाणी चालूच होती. ६ मे रोजी फक्त गोऱ्यांची निवडणूक झाली आणि सुधारणांना विरोध करणारा कडवा पक्ष प्रमुख विरोधी पक्ष म्हणून वर आला. मंडेला तुरुंगातच. मुदत संपली. तीन दिवसांनी सलिव्हन यांनी शब्द पाळला.

सगळ्या कंपन्या निघाल्या नाहीत. राहिलेल्यांनी आचारसंहिता आणि वार्षिक अहवाल चालू ठेवले, पण सलिव्हन यांचे नाव त्यावरून निघाले. यापुढे तिला नुसती तत्त्वांची घोषणा म्हणू लागले. फेब्रुवारी १९९० मध्ये मंडेला सुटले आणि एप्रिल १९९४ मध्ये सर्वांनी मतदान केले. यात निर्बंधांचा वाटा किती यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. मोठे श्रेय अर्थातच त्या देशातल्या रस्त्यांवर, खाणींत आणि तुरुंगांत लढलेल्यांचे; शीतयुद्ध संपण्याचेही काही. माझा अंदाज विचाराल तर, माल विकत न घेण्यापेक्षा कर्ज न मिळणे त्या राजवटीला जास्त झोंबले.

१९८८ मध्ये झायन चर्चमधून निवृत्त झाल्यावर सलिव्हन अ‍ॅरिझोनात जाऊन राहिले. पण स्वस्थ बसले नाहीत. १९९१ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानला त्यांनी आफ्रिकेतले राष्ट्रप्रमुख आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय यांची पहिली परिषद भरवली, आणि पुढे अशा परिषदा होत राहिल्या. नोव्हेंबर १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात, सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या साथीने, त्यांनी जगातल्या सर्वच कंपन्यांसाठी नवी तत्त्वे जाहीर केली. तोवर अशा संहितांवर सह्या करणे कंपन्यांच्या अंगवळणी पडले होते. या नव्या कागदात मात्र कोणतीही तारीख नव्हती. २४ एप्रिल २००१ रोजी स्कॉट्सडेल येथे रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते.